पंचवटीने मुंबई, लाँचने मांडवा

(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीत सहलीच्या विषयावर क्षेत्र समन्वयक ताई जे बोलल्या, ते बैठकीला येऊ न शकलेल्या सदस्यांसाठी इथे देत आहोत.)



आज विषयपत्रिकेवर शेवटचा विषय अभ्यास सहलीचा आहे. शेवटचा असला तरी गेला महिनाभर तुम्ही सगळ्या याच विषयावर बोलताय, हे मला माहीत आहे. एका एजंटाचं पत्रक आपल्या गटांमध्ये फिरतंय. ओझरच्या विमानतळावरून गोवा, दोन रात्री, माणशी १३,५०० रुपये. आणि तीन गटांतून अंतर्गत कर्जाचे अर्ज आलेत. दोन अर्जांत कर्जाचं कारण 'घरगुती' असं लिहिलंय. तिसऱ्यात एका मावशींनी सरळ लिहिलंय, 'विमानात बसणे'. मला तो तिसरा अर्ज सगळ्यात आवडला. निदान खरं तरी लिहिलंय.

विमानात बसावंसं वाटणं यात वाईट काही नाही. रोज द्राक्षाच्या बागेत मान वर केली की विमान दिसतं, मग वाटणारच. पण कर्ज काढून बसायचं का, एवढंच आज बोलूया.

आपला बहुतेक गटांचा हप्ता महिना २०० रुपये आहे. १३,५०० म्हणजे ६७ महिन्यांची बचत. साडेपाच वर्षांहून जास्त. कर्ज घेतलंत तर शेकडा २ रुपये महिना व्याज, बारा हप्त्यांत फेडलं तरी १,७५५ रुपये वर जातात. आणि विमान हवेत किती वेळ? साधारण तासभर. बारा जणींचे मिळून १ लाख ६२ हजार होतात. हा आकडा फळ्यावर लिहून ठेवा, पुसू नका. बँकेकडे कर्ज मागताना एवढ्या रकमेसाठी आपण किती कागद जोडतो, ते आठवा.

आता माझा प्रस्ताव. गोवा नको, अलिबाग. विमान नको, नाशिकरोडहून पंचवटी एक्स्प्रेस आणि गेटवेहून लाँच. गाडी आणि लाँच, जाणं-येणं धरून माणशी सात-आठशेत बसतं. एक रात्र राहणं, जेवण, इकडची तिकडची एसटी-रिक्षा धरली तरी दोन हजारांच्या आसपास. म्हणजे दहा महिन्यांची बचत. लाँचचा दर बदलत असतो, म्हणून पक्का हिशोब जाण्याच्या आधी दर विचारून करू.

अलिबागच का, हे आधी सांगते, कारण 'समुद्र बघायला' एवढंच लिहिलं तर त्याला अभ्यास सहल म्हणता येत नाही. अलिबाग तालुक्यात कार्ले, खंडाळे या भागात पांढरा कांदा होतो. भात निघाला की त्याच शेतात कांदा. आपल्या लासलगावच्या कांद्याला भौगोलिक मानांकन आहे, तसं त्यांच्याही कांद्याला आहे. पण विकायची रीत बघा. आपण ट्रॅक्टर भरतो, बाजार समितीत लिलावाला उभं राहतो आणि भाव दुसरा कोणी पुकारतो. तिथे कांद्याच्या पातीची वेणी घालून माळ करतात आणि रस्त्याच्या कडेला बसून बायका माळेवर विकतात. भाव त्या सांगतात. गिऱ्हाईक घासाघीस करतं, पण सुरुवात तिच्या तोंडून होते. त्यांचा माल थोडा, आपला डोंगराएवढा. सगळा नाशिकचा कांदा माळा करून विकता येणार नाही, हे मलाही कळतं. तरी गटाच्या स्टॉलवर चार क्विंटल कांदा वेगळ्या रीतीने विकून बघायला काय हरकत आहे? त्या बायकांशी बसून बोलायचं. माळ वळायला किती वेळ लागतो, मजुरी धरतात का, पात किती ओली ठेवतात. हे प्रश्न कृषी अधिकाऱ्यापेक्षा तुम्हीच नीट विचाराल.

आपला उन्हाळ कांदा चाळीत पडला की एप्रिलच्या शेवटी निघायचं. तेव्हा तिकडे माळा विकायला असतात आणि लाँचही चालू असते. पावसाळ्यात गेटवे-मांडवा लाँच बंद ठेवतात, मेअखेरपासून साधारण ऑगस्टपर्यंत. शनिवार-रविवार नको, गर्दी असते.

आता प्रवास.

पंचवटी १९७५ पासून धावते. मनमाडहून सुटते, सकाळी सातच्या सुमारास नाशिकरोडला येते आणि अकराच्या आत आपल्याला मुंबईला सोडते, अगदी शेवटच्या स्टेशनात, सीएसएमटीला. त्यामुळे 'उतरायचं राहून गेलं तर' ही भीती नको. अडचण वेगळीच आहे. आपल्या गावांतून पहिल्या एसटीने सातला नाशिकरोड गाठता येत नाही. बारा जणींनी मिळून एक जीप ठरवायची, पहाटे साडेचारला निघायचं. या एका ठिकाणी पैसे वाचवू नका, गाडी चुकली तर पुढचं सगळं चुकतं. परत येताना मात्र घाई नसली तर एसटी. एसटीत आपल्याला मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे आणि पंचाहत्तरच्या पुढच्या आजींना फुकट. रेल्वेत ज्येष्ठांची सवलत २०२० पासून बंद आहे, तिथल्या खिडकीवर वयावरून भांडू नका.

तिकीट बसायच्या आरक्षणाचं काढायचं. साठ दिवस आधी मिळायला लागतं. एका तिकिटावर सहाच नावं बसतात, म्हणजे आपल्याला दोन तिकिटं लागतील. दोन्ही एकाच वेळी काढली तर डबा एकच मिळण्याची शक्यता जास्त.

इगतपुरीनंतर गाडी घाट उतरते. हा थळ घाटातला लोहमार्ग १८६५ चा. खिडकीत बसायला भांडण होणार, म्हणून आत्ताच सांगते, जाताना निम्म्या जणींना खिडकी, येताना उरलेल्यांना. येताना गाड्या घाट चढतात, तेव्हा कसाऱ्याला बऱ्याच गाड्यांना मागून जादा इंजिन जोडतात, ढकलायला. मागच्या डब्यातून ते दिसतं.

सीएसएमटीहून गेटवे दोन-अडीच किलोमीटर आहे. बेस्टची बस आहे, नाहीतर चार-चार जणींनी टॅक्सी करायची. स्टेशनात स्वच्छतागृहाला सगळ्यांनी जाऊन घ्यायचं. मला माहीत आहे, प्रवासात जायला लागू नये म्हणून आपण सकाळपासून पाणीच पीत नाही. एप्रिलच्या उन्हात असं केलं तर लाँचवर चक्कर येईल. पाणी प्या. गाडीत सोय असते, स्टेशनात असते, मांडव्याच्या जेट्टीवर असते. कुणाची पाळी असेल तर तिने पिशवीत सामान ठेवायचं आणि सोबतच्या एकीला सांगून ठेवायचं, बास.

गेटवेहून मांडव्याला लाँचला तासाभराच्या आत-बाहेर लागतो. काही कंपन्यांच्या तिकिटातच मांडवा ते अलिबागची बस धरलेली असते, म्हणून लाँचमधून उतरल्यावर तिकीट फेकायचं नाही. याहून स्वस्त वाटही आहे. सीएसएमटीहून हार्बर लोकलने डॉकयार्ड रोड, तिथून भाऊच्या धक्क्यावर जाऊन रेवसची लाँच. लक्ष्मण अजिंक्य नावाच्या गृहस्थांना लोक भाऊ म्हणायचे, त्यांनी धक्का बांधला म्हणून भाऊचा धक्का. पण पहिल्यांदा जाताना सामान घेऊन लोकलची चढ-उतार बारा जणींना जड जाईल. मी गेटवेच सुचवते. दुसऱ्या खेपेला रेवस.

काही जणींना एसटी लागते, तशीच बोटही लागते. पोट अगदी रिकामं नको, अगदी भरलेलं नको. लाँचच्या मधोमध बसायचं, मोबाइलमध्ये बघायचं नाही, लांब जिथे पाणी आणि आभाळ मिळतं तिथे बघायचं. तोंडात आलेपाक किंवा आवळासुपारी.

आता घाबरण्याचं. घरातून हाच प्रश्न येणार, म्हणून टाळत नाही. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट १७ जुलै १९४७ ला बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. गटारीला घरी निघालेली माणसं होती. दिवस पावसाळ्याचे होते, बोट खच्चून भरलेली होती. अलीकडे १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या लाँचला नौदलाची स्पीडबोट धडकली, तेव्हाही दहाहून अधिक माणसं गेली. म्हणून आपले नियम आपणच ठेवायचे. लाइफ जॅकेट मागून घ्यायचं आणि बांधायचं. साडीवर बांधता येतं, फक्त पदर आधी खोचायचा. लाँच भरलेली दिसली तर पुढच्या लाँचने जायचं, बारा जणी एकदम मागे राहिल्या तरी चालेल. काहीतरी बघायला सगळ्यांनी एका बाजूला धावायचं नाही. खलाशी 'आज नको' म्हणाला तर हुज्जत घालायची नाही. एवढं पाळून रोज हजारो माणसं हा प्रवास करतात, नोकरीला जाणारी सुद्धा.

अलिबागला कुलाबा किल्ला आहे, पाण्यात. ओहोटीला चालत जाता येतं, आत गणपतीचं देऊळ आणि गोड्या पाण्याची विहीर आहे. भरती-ओहोटीचा हिशोब मात्र तुम्हाला माझ्यापेक्षा सोपा जाईल, कारण तिथ्या तुमच्या तोंडपाठ असतात. कोळी लोक तिथीची पाऊणपट करतात, ती भरतीची वेळ. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीन वाजता भरती. तेव्हा दुपारी गेलात तर किल्ला लांबूनच बघायचा. त्रयोदशीला तेराची पाऊणपट पावणेदहा, भरती पावणेदहाला आणि पुढे सहा तासांनी, चारच्या सुमाराला ओहोटी. आपण दोन-अडीचला अलिबागला पोचतो, जेवलो की चार. म्हणून त्रयोदशीच्या आसपासचा दिवस धरू. हा मोटामोटी हिशोब आहे. पाण्यात पाय घालण्याआधी किनाऱ्यावरच्या माणसाला परतीची वेळ विचारायचीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी कांद्यावाल्यांकडे. मग काही झालं तरी दुपारी दोनच्या आत मांडव्याच्या जेट्टीवर. पंचवटी संध्याकाळी सव्वासहाच्या सुमाराला सीएसएमटीहून सुटते, आणि मधे मुंबईचं ट्रॅफिक आहे. नाशिकरोडला रात्री दहाच्या आसपास. तिथे जीप पुन्हा ठरवलेली असेल.

आता एजंटाचं. तो माणूस वाईट नाही. तो १३,५०० मध्ये नुसतं विमान विकत नाही, तो 'तुम्ही काही बघू नका, मी बघतो' हे विकतो. घरच्यांनाही तेच आवडतं, सोबत कोणीतरी जबाबदार माणूस आहे म्हणून. आपल्या बारा जणींत एकीनेही आजवर आरक्षणाचं तिकीट स्वतः काढलेलं नाही, हे मी मागच्या आठवड्यात विचारून घेतलं. पण याच बारा जणींनी बँकेत खाती काढली, ठराव लिहिले, लेखापरीक्षणाला वह्या दाखवल्या. त्यातलं काय सोपं होतं? सासऱ्यांनी विचारलं सोबत कोण, तर सांगायचं, अकरा जणी. मी येईन, पण मागे बसेन. तिकीट एकीकडे, पैसे दुसरीकडे, दर चढ-उताराला डोकी मोजायचं काम तिसरीकडे. जी वह्या लिहिते तिच्याकडे पैसे द्यायचे नाहीत. आपला नेहमीचाच नियम. काही अडचण आली तर रेल्वेचा नंबर १३९, हा प्रत्येकीने हातावर लिहिला तरी चालेल.

सहलीसाठी कर्ज नको, दर महिन्याला २०० रुपये वेगळे काढू, गटाच्या वहीत वेगळा रकाना. ज्या मावशींनी 'विमानात बसणे' लिहिलंय, त्यांनी तो रकाना दहा महिन्यांनी बंद करू नये. त्यांचा अर्ज मी परत करते, फाडत नाही.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने आपलं नाव आणि वय चिठ्ठीवर लिहून आणायचं. वय आधार कार्डावर आहे तेच, मनातलं नाही. निघायच्या साठ दिवस आधी दोघी जणी नाशिकरोडच्या खिडकीवर जातील. कोण जाणार ते आत्ताच सांगा, मी नावं लिहून घेते.