ओ अधिक ओ बरोबर ए? बॉम्बे ब्लड ग्रुपची गोष्ट

आजचा एपिसोड छोटाय, पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये आरामात ऐकून होईल.

मी कोड लिहितो. आउटपुट बघून आत काय घडलं ते शोधायचं, हे माझं रोजचं काम. जेनेटिक्समध्येही तेच चालतं. समजा आई ए ग्रुपची, बाबा बी ग्रुपचे आणि मूल ओ. मूल ओ व्हायला दोघांकडून एकेक ओ जीन यावा लागतो. म्हणजे आई ए-ओ आणि बाबा बी-ओ. एका मुलावरून दोघांचाही जीनोटाइप कळला! मेंडेलने मात्र ५४७४ गोल आणि १८५० सुरकुतलेले वाटाणे मोजले, तेव्हा ३:१ दिसलं. आपल्या घरात एवढी मुलं कुठून आणणार?

आता अवघड केस. आई-बाबा दोघांच्या रिपोर्टवर ओ आणि मूल ए. पुस्तकाप्रमाणे अशक्य. मग घरात कुजबुज सुरू होते आणि बोट जातं थेट आईकडे.

जरा थांबा. एक तर रिपोर्ट चुकलेला असू शकतो. दुसरं म्हणजे, १९५२ मध्ये मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी एक वेगळाच रक्तगट शोधला, बॉम्बे ब्लड ग्रुप. ए आणि बी तयार होतात एच नावाच्या पायावर. ज्याच्याकडे स्मॉल एचच्या दोन कॉपी आहेत, त्याच्यात हा पायाच नसतो. ए जीन आहे, पण दिसत नाही. साध्या टेस्टमध्ये माणूस ओ वाटतो. तोच ए मुलाकडे जातो, दुसऱ्या पालकाकडून कॅपिटल एच मिळतो आणि ए उघड होतो. आईवर शंका घेण्याआधी अँटी-एच टेस्ट करा ना!

हे फक्त घरातल्या भांडणापुरतं नाही. बॉम्बे ग्रुपच्या माणसाला साधं ओ रक्तही चालत नाही, बॉम्बेच लागतं. मग पुन्हा उलटा हिशोब. मूल बॉम्बे निघालं आणि आई-बाबा नाहीत, तर दोघांकडेही एकेक स्मॉल एच असणारच. म्हणून सख्ख्या भावंडांची टेस्ट आधी करायची. प्रत्येकाला चान्स २५ टक्के.

"चार मुलांत एक" असं मात्र धरू नका. आणखी तीन भावंडं असली, तरी त्यातलं एकही बॉम्बे नसण्याची शक्यता ६४ पैकी २७, म्हणजे साधारण ४२ टक्के. तेव्हा भावंडांची टेस्ट चालू असतानाच ब्लड बँकेला बॉम्बे डोनर शोधायला सांगून ठेवायचं.