पक्षाघातानंतरचा श्वास

आपल्या बेलवलीत पक्षाघातातून सावरणारं माणूस एखाद्या घरी असलं, की भेटायला येणारे विचारतात, "हात हलतो का? पाऊल टाकतात का?" दम कसा आहे, हे फारसं कुणी विचारत नाही. ते विचारायला हवं, एवढंच आज सांगायचं आहे.

स्वस्थ बसलेलो असताना आपला श्वास आपोआप चालतो. मेंदूच्या तळाशी असलेला मस्तिष्कस्तंभ तो चालवतो. पण मुद्दाम खोल श्वास घ्यायचा किंवा जोरात खोकायचं, तर हुकूम वरच्या मेंदूकडून यावा लागतो, आणि पक्षाघातात बऱ्याचदा तिथलाच रक्तपुरवठा तुटलेला असतो. म्हणून पडून राहिलेल्या रुग्णाचा श्वास वरवर ठीक वाटतो. त्याच्या छातीवर दोन्ही बाजूंना तळवे ठेवा आणि मोठा श्वास घ्यायला सांगा. लुळ्या बाजूचा तळवा पुष्कळदा कमी उचलला जातो.

खोकल्यातला जोरही असाच ओसरतो आणि कफ आत साचतो. गिळणं बिघडलेलं असेल तर पाण्याचा घोट श्वासनळीत उतरतो. काही वेळा साधा ठसकाही लागत नाही. त्यातून होणारा न्यूमोनिया जिवावर बेततो. म्हणून आडवं झोपवून चमच्याने पेज भरवू नका. गिळण्याची तपासणी करून घ्या. ताठ बसवून लहान घास द्या, जेवणानंतर अर्धा तास बसतं ठेवा. दात आणि तोंड रोज स्वच्छ करा.

श्वासाच्या स्नायूंना नियमित व्यायाम दिला तर त्यांची ताकद वाढते, हे अभ्यासांतून दिसलं आहे. तो फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या. तीन रंगीत चेंडूंचं यंत्र दिलं असेल, तर त्यात फुंकायचं नसतं. नळी ओठांत धरून हवा सावकाश आत ओढायची असते. चक्कर आली तर थांबायचं. प्रगती पाहायची असेल तर एका दमात आकडे म्हणायला लावा आणि कुठपर्यंत पोहोचले ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. बोलता येत नसेल तर नुसता "आ" लांबवू द्या.

ताप आला, पाणी प्याल्यावर आवाज घरघरला, श्वास जलद झाला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. धाप लागली किंवा ओठ निळसर दिसले, तर थेट 108. चेहरा नव्याने वाकडा झाला, हात गळाला, बोलणं अडखळलं, तरीही 108 लावा. रक्ताची गुठळी विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. पावसाळ्यात बेलवलीचा भुयारी मार्ग तुंबला, की पूर्वेला जायला उड्डाणपुलाचा वळसा पडतो. तेव्हा "सकाळी बघू" म्हणू नका, लगेच निघा.