कादिस शहर : इतिहास, स्थळे आणि उत्सव

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



दरसाल या व्यासपीठावरून ज्ञातीचा इतिहास तरी सांगितला जातो, नाही तर विद्यार्थ्यांस उपदेश तरी केला जातो. उपदेश आम्ही छत्तीस वर्षे वर्गात केला. त्याचे फळ काय मिळाले हे समोर बसलेल्या आमच्या जुन्या विद्यार्थ्यांनाच ठाऊक. म्हणून आज चिटणीसांच्या अनुमतीने आपणांस एका दूरच्या गावी नेण्याचे आम्ही योजिले आहे. स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यावर, अटलांटिक महासागरात शिरलेल्या एका चिंचोळ्या भूमीच्या टोकास कादिस नावाचे शहर वसले आहे. आमची कन्या व जामात नोकरीनिमित्त त्या देशी असल्यामुळे दोन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत तेथे आठ दिवस राहण्याचा योग आला. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे आणि स्पॅनिश भाषेशी परिचय शून्य. तेव्हा जे सांगू ते डोळ्यांनी पाहिलेले, पुस्तकांतून वाचलेले आणि जामातांच्या तोंडून ऐकलेले, असे तिन्ही मिळून आहे.

पश्चिम युरोपातील अत्यंत प्राचीन नगरांत कादिसची गणना होते. फिनिशियन व्यापाऱ्यांनी ते वसविले आणि त्यास 'गादिर', म्हणजे तटबंदीचे ठिकाण, असे नाव दिले. परंपरा हा काळ इसवी सनापूर्वी 1104 मानते. उत्खननांतील पुरावा त्याच्या दोन-तीन शतके अलीकडचा आहे. गावोगावच्या स्थापनेच्या कथा अशाच थोड्या मागे सरकलेल्या असतात. येथील संग्रहालयात दगडी मानवाकृती कोरलेल्या दोन फिनिशियन शवपेट्या आहेत. पुरुषाची पेटी 1887 साली सापडली. पेलायो किंतेरो या संशोधकाच्या मनाने घेतले की, हिच्या जोडीची स्त्रीची पेटीही कोठे तरी असलीच पाहिजे. त्यांनी वर्षानुवर्षे शोध केला आणि 1946 मध्ये ते निवर्तले. पुढे 1980 साली एका इमारतीच्या पायासाठी खोदकाम चालू असता ती पेटी मिळाली. आणि ती जागा किंतेरो यांच्याच जुन्या घराची होती! ज्यावर आपण निजत होतो त्याच भूमीखाली आपला शोध निजला आहे, याची त्या बिचाऱ्यास कल्पना नव्हती. त्या दगडी स्त्रीमूर्तीपुढे आम्ही बराच वेळ उभे होतो.

कार्थेजियन आले, रोमन आले, अरब आले; त्या सर्वांचा वृत्तांत सांगत बसण्यास वेळ नाही. कोलंबस आपल्या दुसऱ्या सफरीस 1493 साली 17 जहाजे घेऊन याच बंदरातून निघाला. पुढे 1717 मध्ये अमेरिकेच्या व्यापाराचे सरकारी कार्यालय सेव्हिल येथून कादिसला आले आणि गावात पैसा वाहू लागला. व्यापाऱ्यांनी आपापल्या घरांवर मनोरे बांधले, हेतू हा की, येणारे जहाज आपणांस दुरून दिसावे. त्यांपैकी शंभरांहून अधिक मनोरे आजही उभे आहेत. ताविरा नावाच्या मनोऱ्यात काळोख्या खोलीत भिंगाच्या योगे साऱ्या शहराचे हलते चित्र एका पांढऱ्या तबकावर उमटविले जाते. वाळत घातलेले कपडे वाऱ्याने हलताना त्यात दिसतात. पिवळ्या घुमटाचे मोठे देवालय 1722 साली बांधावयास घेतले ते पुरे होण्यास 1838 साल उजाडले. मध्यंतरी अमेरिकेतील वसाहती गेल्या, पैसा आटला, आणि म्हणून खालचा दगड वेगळा व वरचा वेगळा. जुन्या भिंतींचा दगड शिंपल्यांनी भरलेला आहे. हात फिरविला की शिंपल्याची कड बोटास लागते.

या वैभवात गुलामांच्या व्यापाराचाही वाटा होता, हे येथेच सांगून टाकलेले बरे.

आता ज्या गोष्टीसाठी हे गाव आम्ही निवडले तिच्याकडे वळू. 1810 साली नेपोलियनच्या सैन्याने जवळजवळ सारा स्पेन व्यापला. राजा फ्रान्समध्ये बंदिवासात होता. कादिस मात्र शत्रूच्या हाती लागले नाही. एका बाजूस चिंचोळी वाट, बाकी सर्वत्र पाणी, आणि पाण्यावर इंग्रजांचे आरमार. खाडीपलीकडून फ्रेंचांचे तोफगोळे पडत होते, गावात पीतज्वराची साथ येऊन गेली होती, आणि अशा स्थितीत देशभरातून, अमेरिकेतून, फिलिपाइन्समधूनही आलेले प्रतिनिधी सान फेलिपे नेरी या अंडाकृती प्रार्थनामंदिरात बसून राज्यघटनेचा मसुदा वादवीत होते! 19 मार्च 1812 रोजी ती 384 कलमांची घटना जाहीर झाली. सार्वभौमत्व राष्ट्राचे आहे, राजाचे नव्हे, असे तिने सांगितले. मुद्रणस्वातंत्र्याचा ठराव तर याच सभेने 1810 मध्येच केला होता. घटनेचा दिवस संत होसेचा. होसे नावाचे लाडके रूप पेपे. म्हणून लोकांनी घटनेस 'ला पेपा' असे बायकी टोपणनाव दिले.

तिच्यात उणिवा नव्हत्या असे नाही. कॅथलिक धर्मावाचून दुसऱ्या धर्मास तिने थारा दिला नाही, स्त्रियांस मत दिले नाही. आणि ज्यांच्या रक्तात आफ्रिकेचा अंश असेल त्यांना विशेष गुण सिद्ध केल्यावाचून नागरिकत्व मिळणार नाही असे कलमही घातले. समतेची भाषा बोलणाऱ्यांनीच माणसाचा हक्क त्याच्या जन्मावरून ठरविला! ज्ञातीच्या व्यासपीठावरून बोलताना हा भाग गाळून पुढे जाणे आम्हांस सोयीचे होते. परंतु गाळावयाचेच असेल तर इतिहास सांगावा कशाला?

1814 मध्ये राजा फर्डिनांड परतला आणि त्याने घटना रद्द केली. 1820 साली सैन्यात उठाव होऊन त्यास तिची शपथ घ्यावी लागली. 1823 मध्ये पुन्हा फ्रेंच सैन्य आले आणि ती पुन्हा बुडाली. तथापि तोवर ती दूरवर पोचली होती. पोर्तुगालच्या 1822 च्या घटनेने तिचाच कित्ता गिरविला आणि त्याच वर्षी लिस्बनच्या संसदेसाठी आपल्या गोव्यातून प्रतिनिधी निवडले गेले. त्यांत बर्नार्दो पेरेश द सिल्व्हा हे गोवेकर होते. त्या घटनेच्या एका पुनर्मुद्रित आवृत्तीची अर्पणपत्रिका राजा राममोहन राय यांच्या नावे आहे, हे कळले तेव्हा आम्हांस फार नवल वाटले. कादिसच्या एका चौकात या घटनेचे भव्य स्मारक आहे आणि त्यात अध्यक्षाची एक दगडी खुर्ची रिकामी ठेवलेली आहे. (आमच्या अध्यक्षमहाराजांनी कृपया गैरसमज करून घेऊ नये.)

वेढ्याच्या त्या दिवसांत गावातल्या लोकांनी शत्रूच्या तोफगोळ्यांची टर उडविणारी गाणी रचली. त्या गोळ्यांचा उपयोग येथील बायका केस कुरळे करण्याकडे करतात, असा त्यांतला विनोद होता. ही खोड गावाच्या अंगी कायमची मुरली आहे. संतांच्या दिवसानिमित्त ऑक्टोबरअखेरीस मंडईतील दुकानदार मासळीस आणि डुकरांस कपडे चढवून पुढाऱ्यांची सोंगे आणतात. त्याच्या दुसऱ्या दिवशी, 1 नोव्हेंबरला, पाल्मा गल्लीतील मेरीमातेची मिरवणूक निघते. 1755 च्या भूकंपानंतर चढून आलेला समुद्र त्या गल्लीत मातेच्या कृपेने थांबला अशी तेथील श्रद्धा आहे. थट्टा आणि भक्ती अशा एकमेकींस लागून नांदतात.

परंतु खरा उत्सव फेब्रुवारीतला कार्निव्हल. 'चिरिगोता' नावाची विनोदी गाणाऱ्यांची मंडळी, गंभीर गाणी म्हणणारी 'कोम्पार्सा', गाडीवरून फिरणारे मोठे वृंद, असे अनेक प्रकार. 'चौकडी' म्हणविणाऱ्या संचात कधी तीनच माणसे असतात, त्याचे कोणास काही वाटत नाही. दर वर्षी गाणी नवी, वेष नवा. जुन्यावर भागविता येत नाही. लाल विटांच्या फाया नाट्यगृहात स्पर्धा होते आणि वर्षभर जे जे घडले त्याचा हिशेब तेथे चुकता होतो.

यामुळेच 1937 साली फ्रँकोच्या राजवटीने कार्निव्हलवर बंदी घातली. ऑगस्ट 1947 मध्ये गावातील नौदलाच्या सुरुंगांच्या कोठाराचा स्फोट होऊन सुमारे दीडशे माणसे मेली, घरेच्या घरे कोसळली. त्या दुःखानंतर वर्षभराने गाणाऱ्यांना पुन्हा गाण्याची मुभा मिळाली. मात्र कार्निव्हल हे नाव घ्यावयाचे नाही, आणि गाणी आधी अधिकाऱ्यांस दाखवावयाची. पुढे 1967 मध्ये उत्सव मे महिन्यात ढकलला गेला. फ्रँको 1975 साली वारला आणि 1977 च्या फेब्रुवारीत कार्निव्हल आपल्या नावाने, आपल्या ऋतूत परत आला. चाळीस वर्षांत चाली विसरल्या गेल्या नाहीत. माणसे त्या घरात, दुकानात, दारूच्या गुत्त्यात गुणगुणत राहिली होती.

एके संध्याकाळी एका चर्चच्या पायऱ्यांवर आम्ही असा एक संच ऐकला. स्पर्धेत न उतरणाऱ्या अशा मंडळींस तेथे 'बेकायदा' म्हणतात. मंच नाही, पडदा नाही. एक गिटार, एक ढोल, वेताच्या पिपाण्या, आणि आमच्याच वयाचे सहा-सात गृहस्थ परीटिणींच्या वेषात! श्रोते हसत, मग जामात आमच्या कानात अर्थ सांगत, आणि सारे शांत झाल्यावर आम्ही एकटेच हसत असू. शेवटी ते गाणारे आमच्या हसण्याची वाट पाहून मगच पुढचे कडवे घेऊ लागले. गाणे कागदावर उतरवून देण्यास आम्ही जामातांस सांगितले. त्यांनी निम्मे उतरविले. उरलेल्या निम्म्याचे भाषांतर सासऱ्यापुढे करणे त्यांस प्रशस्त वाटले नाही.