शाळेविषयी विद्यार्थ्याचा शब्द



आदिलाबादच्या मराठी शाळांविषयी आपण पुष्कळ बोलतो. माध्यम कोणते असावे, पट का घटतो, यावर पालक बोलतात, गुरुजी बोलतात, पुढारी बोलतात. ज्याच्या दप्तरात या निर्णयांचे ओझे पडते, त्याला मात्र कोणी विचारत नाही.

विद्यार्थ्याचा अधिकारवाणीचा शब्द मराठीला नवा नाही. १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये मुक्ता साळवे हिचा निबंध छापून आला. फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या या मुलीने मांग-महारांचे दुःख स्वतःच्या शब्दांत मांडले. शाळेने काय साधले, हे कोणत्याही तपासनिसाच्या शेऱ्याहून त्या निबंधाने अधिक सांगितले.

दुसरे उदाहरण आपल्याच मातीतले. जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातील मारलवाई येथे १९४३ मध्ये हैमेनडॉर्फ यांच्या पुढाकाराने गोंड शिक्षकांचे प्रशिक्षण सुरू झाले. निजामी राज्याची भाषा उर्दू. तरी गोंडीची वाचनपुस्तके देवनागरीत निघाली, कारण मराठी इथल्या गोंडांच्या ओळखीची होती. शिकणारेच पुढे गावोगावचे गुरुजी झाले. परक्या भाषेत मूल कुठे अडते, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते.

आज इथल्या मुलासमोर मराठी, तेलुगू आणि इंग्रजी अशा तीन लिप्या आहेत. २०१८ च्या कायद्याने तेलुगू सर्व शाळांत सक्तीची झाली. राज्यात राहायचे तर ती यायलाच हवी. पण कोणत्या इयत्तेत पाय घसरतो, गणिताचे उदाहरण कोणत्या भाषेत उलगडते, हे मुलालाच विचारावे लागेल. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यातील कलम २१ शाळा व्यवस्थापन समितीत लोकप्रतिनिधी, पालक व शिक्षक यांना बसवते. विद्यार्थ्याचा उल्लेख त्यात नाही. बालहक्क संहितेचे कलम १२ मात्र मुलाचे म्हणणे ऐकायला सांगते, आणि भारताने ती संहिता १९९२ मध्ये स्वीकारली आहे.

‘मुलांना काय कळते?’ असे कोणी म्हणेल. अभ्यासक्रम त्यांनी ठरवावा, असे माझे म्हणणे नाही. चप्पल शिवणे चांभाराचे काम. ती कुठे चावते, ते पायच सांगतो.

म्हणून एक सूचना करतो. प्रत्येक मराठी शाळेने वर्षातून एकदा मुलांकडून ‘माझी शाळा’ हा निबंध लिहून घ्यावा. त्यातले शुद्धलेखन गुरुजींनी जरूर तपासावे. मत तपासू नये. ते निबंध व्यवस्थापन समितीच्या बैठकीत मोठ्याने वाचावेत, आणि प्रत्येक तक्रारीला मुलांसमोर उत्तर द्यावे. उत्तर ‘नाही’ असले, तरी कारणासह द्यावे.