विरजण कुणी घातलं?

श्रोतेहो, ब्रिटनमध्ये अमेरिकेतून आणलेल्या राखाडी खारीनं तिथल्या तांबड्या खारीला देशोधडीला लावलं. मला एवढंच सांगायचंय की राखाडी खार स्वतःच्या पायांनी देशभर पसरली नाही. माणसानं तिला नेऊन सोडलं, आणि तसं आता तिचा डीएनएच सांगतोय.

विरजणाचंच घ्या ना. शेजारच्या घरचं दही आपल्या दुधात आपण होऊन उडी मारत नाही. कुणीतरी वाटीतून चमचाभर आणतं आणि सकाळपर्यंत पातेलं लागलेलं असतं. दही चाखून जाणती बाई लगेच ओळखते, हे अमक्यांच्या घरचं!

१८७६ साली चेशायरच्या हेनबरी पार्कात अमेरिकेतून आणलेल्या खारी सोडल्या गेल्या. पुढे वोबर्नच्या ड्यूक ऑफ बेडफर्डनं तर त्या भेटी म्हणून वाटल्या. म्हणजे घरोघरी विरजण! लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या लिसा सिन्योरिले आणि सहकाऱ्यांनी ठिकठिकाणच्या खारींचा डीएनए तपासला. ते काम २०१६ साली प्रसिद्ध झालं. खारी रानोमाळ हिंडत पसरल्या असत्या, तर शेजारशेजारच्या खारींचे वाण एकमेकांत मिसळलेले दिसले असते. दिसली ती गोधडी, तुकड्यातुकड्यांची. स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनच्या खारींचं जवळचं गोत निघालं ते पार दक्षिणेत, हॅम्पशायरच्या न्यू फॉरेस्टात! एवढी मजल खार मारत नाही. पुन्हा सांगतो, तिला नेलं माणसानं.

हा वंशवेल कशाला जुळवायचा, असं विचाराल. राखाडी खारीला फारसा त्रास न देणारा एक विषाणू तिच्याकडून तांबडीच्या अंगात शिरला, की डोळ्यांभोवती, ओठांवर, पंजांवर खपल्या धरतात. तिला दिसेनासं होतं, दाणा फोडवेनासा होतो, आणि पंधरवड्याच्या आत बहुधा ती जाते. मग राखाडी खार कुठल्या वाटेनं येते, हे कळायला नको? वेल्सच्या अँगलसी बेटावरून १९९८ पासून पंधराएक वर्षं खपून राखाडी खारी हटवल्या, तेव्हा तांबडी पुन्हा वाढली. आता तिथे एखादी राखाडी दिसली तर ती बेटाला जोडणाऱ्या पुलावरून चालत आली की कुणाच्या गाडीतून, हे डीएनएवरून ताडता येतं. पुलावर पहारा बसवता येईल हो; गाडीवाल्याला शहाणपण कोण शिकवणार?

आणि आपणही हसू नये. हौसेनं आणलेलं लाल कानाचं विदेशी कासव मोठं झालं, की गावच्या तळ्यात सोडून पुण्य लागल्याच्या थाटात घरी येणारे आपल्याकडेही आहेत. अहो, ते पुण्य नव्हे!

वेळ संपत आलीय, पण एक राहिलंच. एडिनबर्गच्या रोझलिन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी राखाडीची पैदासच रोखणाऱ्या जनुकांचा संगणकावर अभ्यास केलाय. उद्या खरंच तशी खार तयार झाली आणि कुणी हौशानं ती अमेरिकेत नेली, तर? तिथे राखाडी खार हीच मूळची रहिवासी! म्हणून जनुकांच्या आधी माणसाच्या हाताचं काय करायचं ते ठरवा, आणि त्यासाठी कायदा पुरेल की... असो, समोरून खूण होतेय.