सेवामंडळे आणि शाळेतील मुले

(अचलपूर येथील केंद्रसंमेलनात शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



रोटरी, लायन्स यांसारख्या सेवाभावी क्लबांचे आणि गावोगावच्या मंडळांचे साहाय्य आपल्या शाळांना अधूनमधून लाभते. ते कसे घ्यावे, याविषयी आज थोडे बोलावयाचे आहे.

मी सातपुड्याच्या पायथ्याशी एका गावी शिक्षक असताना अशाच एका मंडळाने आमच्या शाळेत वह्यावाटप केले. मुले दोन तास उन्हात बसली. हारतुरे झाले, छायाचित्रे निघाली आणि पाहुणे मोटारीने परतले. वह्या उत्तम होत्या, आमच्या मुलांना त्यांची गरजही होती. परंतु सायंकाळी चौथीतील एका मुलाने मला विचारले, "गुरुजी, हे पाहुणे आपल्यासंगं खेळाले कधी येतीन?" मजजवळ उत्तर नव्हते. दोष पाहुण्यांचा नव्हता. वह्यांखेरीज मी त्यांच्याजवळ दुसरे काही मागितलेच नव्हते.

आपल्याच जिल्ह्यातील श्रीहनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे उदाहरण घ्या. अंबादासपंत व अनंतराव या वैद्यबंधूंनी १९१४ साली अमरावतीत त्याचा पाया घातला. त्या काळी आखाड्याजवळ वाटण्यासारखे काय होते? तांबडी माती, एरंडेल चोपडलेला मल्लखांब आणि मुलांसाठी रोजचा वेळ काढणारी माणसे. हा रोजचा वेळच खरा. एक दिवस येऊन मल्लखांब शिकविता येत नाही. पहिली पकड बसेपर्यंत मूल अनेकदा घसरते, आणि प्रत्येक वेळी खाली कोणीतरी उभे असावे लागते. याच मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी कबड्डी, मल्लखांब आदी देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखविली. बर्लिनचे कौतुक आपण नेहमी करतो. मला त्यामागच्या अमरावतीतील बावीस वर्षांच्या संध्याकाळी अधिक मोलाच्या वाटतात.

रोटरीने १९६२ साली मुलांसाठी इंटरॅक्ट नावाचे क्लब सुरू केले. बारा ते अठरा वर्षांची मुलेमुली त्यांत येतात. त्यांनी वर्षातून निदान दोन उपक्रम हाती घ्यावयाचे असतात. त्यांपैकी एक आपल्या शाळेच्या किंवा गावाच्या सेवेचा. म्हणजे येथे मूल रांगेत हात पुढे करून उभे नसते, कामाला लागलेले असते. आपली प्राथमिकची बहुतेक मुले वयाने त्याहून लहान आहेत. तरी रोपांना पाणी घालणे, वाचनपेटीतील पुस्तके शिवणे, एवढे ती सहज करतात.

पुढल्या वर्षी मी त्याच मंडळाला पत्र लिहिले. वस्तू मागितली नाही, चार शनिवार मागितले. मंडळाच्या सभासदांत एक गवंडी होते. ते आले, त्यांनी मुलांना ओळंबा कसा धरावा हे दाखविले आणि शाळेमागील पडका ओटा मुलांच्या हातून बांधून घेतला. विटा मुले देत होती, थापी मात्र त्यांच्याच हाती होती. तिसऱ्या शनिवारी पाऊस आला, काम राहिले. तेव्हा ते आपण होऊन पाचव्या शनिवारी आले.

तेव्हा मंडळाकडे जाताना मागणीची यादी नेऊ नका. त्यांच्यात सुतार कोण, परिचारिका कोण, पोहणे कोणास येते, हे आधी विचारा. दिवस व वेळ ठरवून घ्या, पालकांना कळवा, आणि स्वतः पूर्ण वेळ मुलांजवळ थांबा. पाहुण्यांवर मुले सोपवून कार्यालयात बसू नये. मुलींना केवळ स्वागतगीतापुरते बोलावण्याची रीत बंद करावी. ओळंबा त्यांच्याही हाती द्यावा. समारंभ करावयाचाच असेल तर काम पुरे झाल्यावर, सावलीत आणि अर्ध्या तासाच्या आत करावा.

माझ्या त्या पत्राची प्रत मी सोबत आणली आहे. ज्यांना हवी असेल त्यांनी चहाच्या वेळी उतरवून घ्यावी.