हातगाडीच्या वाटेवरचे आजी-आजोबा

हातगाडी म्हटलं की आपल्याला केळीवाला आठवतो. अमेरिकेत युटा, वायोमिंग या भागात मात्र हातगाडीचं नाव काढलं की काही घरांतली माणसं गंभीर होतात. त्यांच्या खापरपणज्यांनी अशी गाडी ओढत १३०० मैल पायी तुडवलेले असतात.

मुलीकडे डेन्व्हरला गेलो असताना आम्ही दोघं त्या वाटेवरचं मार्टिन्स कोव्ह हे ठिकाण पाहून आलो. कॅस्पर शहराच्या नैऋत्येला साधारण ५५ मैल. सेजची करडी झुडपं, वळणं घेत जाणारी स्वीटवॉटर नदी, डेव्हिल्स गेट नावाची खडकातली चिंचोळी फट आणि वारा. बोलायचं तर एकमेकांच्या कानाशी जावं लागतं, असा वारा.

थोडा इतिहास सांगायला हवा. मॉर्मन म्हणून ओळखला जाणारा पंथ १८३० साली न्यूयॉर्क राज्यात जोसेफ स्मिथ यांनी स्थापन केला. जातील तिथे शेजाऱ्यांशी खटके उडाले. १८४४ साली स्मिथ यांना तुरुंगातच जमावाने गोळ्या घालून मारलं. ब्रिगहॅम यंग यांच्यामागून अनुयायी पश्चिमेकडे निघाले आणि १८४७च्या जुलैत सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोचले. पुढे इंग्लंड, डेन्मार्ककडचे गरीब अनुयायी येऊ लागले. त्यांना बैलगाड्या परवडेनात, म्हणून १८५६ पासून हातगाड्या. मोठ्या माणसाला सामान फक्त १७ पौंड, म्हणजे पावणेआठ किलो. १८६० पर्यंत असे दहा तांडे गेले, सुमारे तीन हजार माणसं.

त्यातले १८५६चे शेवटचे दोन, विली आणि मार्टिन यांचे, फार उशिरा निघाले. गाड्या ओल्या लाकडाच्या. वाटेत वाळून त्यांची चाकं खिळखिळी झाली. नेब्रास्कातल्या फ्लॉरेन्सला ऑगस्टमध्ये खल झाला. लीव्हाय सॅव्हेज हा त्या वाटेची माहिती असलेला माणूस विनवत होता, की आता पुढे जाऊ नका, म्हातारी आणि लेकरं मरतील. त्याचं कोणी ऐकलं नाही. मग तोही विलीच्या तांड्याबरोबर निघाला. ऑक्टोबरात मार्टिनच्या लोकांनी ओझं हलकं करायला पांघरुणं आणि कपडे टाकून दिले. दोनच दिवसांनी, १९ तारखेला, त्यांनी नॉर्थ प्लॅट नदी शेवटची ओलांडली आणि त्याच दिवशी बर्फ सुरू झाला. पिठाचा रोजचा वाटा काही औंसांवर आला. सॉल्ट लेकहून ७ ऑक्टोबरला मदतीच्या गाड्या निघाल्या होत्या म्हणून बरेच जण वाचले. तरी दोन्ही तांड्यांत मिळून दोनशेहून अधिक माणसं गेली. मार्टिनच्या लोकांनी नोव्हेंबरच्या सुरुवातीला डोंगराच्या ज्या कुशीत चार-पाच दिवस आसरा घेतला, ती ही जागा.

इथे आम्हाला भेटलेलं जोडपं सत्तरीचं होतं. आजोबांची आयडाहोत बटाट्याची शेती, आजी शाळेत शिक्षिका. छातीवर काळी नावपट्टी, त्यावर ‘एल्डर’ आणि ‘सिस्टर’. विशीतल्या मिशनरी पोरालाही एल्डर म्हणतात आणि या आजोबांनाही; मला त्याची गंमत वाटली. निवृत्त जोडप्यांनी अशी सेवा करायची या पंथात पद्धतच आहे. सहा महिने ते तेवीस महिने. पगार नाही, राहण्याजेवणाचा, पेट्रोलचा खर्च पदरचा. कुठे जायला आवडेल ते कळवता येतं, पण नेमणुकीचं पत्र चर्चकडून येतं. दारोदार फिरून धर्म सांगणं यांच्याकडे नसतं. हे दोघं पाहुण्यांना वाट दाखवत, गोष्ट सांगत, स्वच्छतागृहं धूत आणि हातगाड्या दुरुस्त करत. उन्हाळ्यात शाळाकॉलेजची मुलं झुंडीने येतात आणि गाड्या ओढून बघतात, त्यामुळे आजोबांना सवड म्हणून नसते. चाकाला वंगण घालता घालता ते म्हणाले, “त्या लोकांकडे हेसुद्धा नव्हतं. खायची चरबी आसाला लावायची, की पोटात घालायची?”

आमच्या सौ.ने बायकांच्या रीतीप्रमाणे थेट नातवंडांचं विचारलं. आजी म्हणाल्या, “नऊ आहेत. नववं आम्ही इथे असताना झालं, अजून मांडीवर घेतलेलं नाही.” मग जरा थांबून त्यांनी आपणहून सांगितलं, की धाकटी मुलगी चर्च सोडून गेली आहे. आईबापांनी इथे येणं तिला पटलेलं नाही. ती म्हणते, पुढाऱ्यांच्या चुकीने माणसं मेली आणि तुम्ही त्याला श्रद्धेची परीक्षा म्हणता.

“मग तुम्ही तिला काय सांगता?” मी विचारलं.

“चूक झाली असंच सांगते. उशिरा निघाले, कोणीतरी थांबवायला हवं होतं. सॅव्हेजची गोष्ट मी एकाही फेरीत गाळत नाही. कधी कधी पाहुण्यांना ती नको असते.”

तिथल्या एकूण मांडणीचा भर श्रद्धेवर आणि सुटकेवर आहे. देवस्थान चालवणारा कोणीही तेच करील. पण या बाई आपल्या मुलीचा आक्षेप बरोबर घेऊन रोज त्या चढावर जातात, याचं मला अप्रूप वाटलं. मुलीचा फोन येतो का, हे विचारायचा धीर मात्र आम्हा दोघांनाही झाला नाही.

आणखी एक गुंता आहे. चर्चने १९९६ मध्ये शेजारचं सन रँच विकत घेतलं, पण प्रत्यक्ष कोव्हची जमीन केंद्र सरकारची. सरकारी जागेत एका धर्माचे स्वयंसेवक पाहुण्यांना काय सांगणार, यावरून वाद झाला. २००४ मध्ये चर्चला २५ वर्षांचा भाडेपट्टा मिळाला, मग नागरी हक्कवाले कोर्टात गेले आणि २००६ मध्ये तडजोड झाली. मला विचाराल तर कोर्टात गेलेल्यांचं म्हणणं अगदीच गैर नव्हतं. आजोबांना छेडलं, तर ते म्हणाले, “जमीन कोणाचीही असो, पायवाट झाडायला माणूस लागतोच.”

आम्ही निघालो तेव्हा दोन बसगाड्या येऊन थांबत होत्या. साठेक मुलं असतील. आजींनी हॅटची दोरी हनुवटीखाली घट्ट केली आणि सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या भरलेल्या आहेत ना, हे बघायला गेल्या.